श्वासाची जागा

आमच्या उमरीत 30 जानेवारी ही तारीख दोन कारणांनी सांगितली जाते. 1948 साली त्या दिवशी हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी येथील बँकेवर छापा घातला, आणि त्याच दिवशी तिकडे दिल्लीत गांधीजी गेले. तिसरे कारण आमच्या अण्णांनी आपल्यापुरते जोडले होते. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व देवासला पोहोचले, तेही त्याच दिवशी! अण्णांना तारखांचा नाद; गाण्याचा त्याहून मोठा.

पण त्यांचे कुमार म्हणजे आजारापूर्वीचे. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखविणारा. 1935 मध्ये देवधर मास्तरांकडे मुंबईला आलेला मुलगा. आजारातून उठून 1953 साली ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हापासूनचे गाणे अण्णांना मानवत नसे. "तुटक तुटक काय गातात रे? ओळ पुरी तरी करावी!" असे ते म्हणत.

या रागामागचे खरे कारण मला उशिरा कळले. अण्णांना दमा होता. एकादशीच्या भजनात ओळ पुरी होईना, म्हणून त्यांनी देवळात गाणेच सोडले होते.

एक फुप्फुस निकामी झाले, म्हणून कुमारांची शैली बदलली, असे सर्रास बोलले जाते. मला ते अर्धेच पटते. रशियातला स्क्रियाबिन अतिरेकी सरावाने उजवा हात दुखावून बसला आणि 1894 मध्ये त्याने केवळ डाव्या हातासाठी दोन रचना लिहिल्या. पण शोपँच्या छायेत सुरू झालेला तो पुढे 'प्रोमेथिअस'च्या अनोळखी स्वरांपर्यंत गेला, तो काही दुखऱ्या हातामुळे नव्हे. संगीताने अवघी मानवजात पालटेल, अशी त्याची श्रद्धा होती. ती त्याला नेत होती. कुमारही देवासला नुसते पडून नव्हते. माळव्यातल्या बायकांची गाणी, नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने ते ऐकत होते. त्या लोकधुनांतून त्यांना नवे राग सापडले. 1965 च्या 'अनूपरागविलासा'त त्यांच्या बंदिशी ग्रथित झाल्या. दुखण्याने फक्त वाट अडविली. दुसरी त्यांनी स्वतः शोधली.

1980 नंतर कधीतरी मी त्यांच्या निर्गुणी भजनांची कॅसेट घरी आणली. अण्णा भिंतीकडे तोंड करून निजले होते. कबीराचे पद चालू झाले. स्वर एकदम वर गेला, तुटला, आणि मध्ये शांतता पडली. त्या शांततेत अण्णांच्या छातीची घरघर मला स्पष्ट ऐकू आली. मी संकोचून टेप बंद करायला गेलो.

"राहू दे," अण्णा म्हणाले. बऱ्याच वेळाने उठून बसले. "हा माणूस दम लपवीत नाही रे. त्याला जागा देतो."

पुढच्या एकादशीला ते देवळात गेले. अर्धी ओळ म्हणून थांबले. टाळकरी गोंधळले, कोणी तरी ओळ उचलायला निघाला, तेव्हा अण्णांनी हात वर करून त्याला थांबविले. दम घेतला, आणि उरलेली अर्धी ओळ स्वतःच म्हटली.

त्यानंतर ते दोन वर्षे गायले.