पोकलेनचे पाय

माझ्या आजोबांना बैल घ्यायचा असला, की ते बैलाच्या तोंडाकडे सर्वांत शेवटी पाहत. आधी ते उकिडवे बसत आणि खूर पाहत. विकणारा रंगवलेली शिंगे दाखवी, वशिंडावर थाप मारी, दात मोजून दाखवी. आजोबांची नजर काही जमिनीपासून वीतभर वर यायची नाही. पोलादपूरकडच्या आमच्या डोंगरउतारावर बैल खुरांवर जगतो, असे त्यांचे म्हणणे. खूर झिजू नये म्हणून पत्री ठोकायची, तीही एका खुराला दोन तुकड्यांची, कारण बैलाचा खूर दुभंगलेला. घोड्याचा नाल एकसंध, बैलाची पत्री जोडीची, हे ज्ञान मला शाळेत जाण्यापूर्वी मिळाले आणि पुढे साठ वर्षे त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

तो झाला माझ्या पुतण्याने जुने पोकलेन घ्यायचे ठरवले तेव्हा.

पोकलेन म्हणजे काय, हे महाडच्या शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. रबरी चाकांवर पळते, पुढे सुपडे आणि मागे सोंड असते, तो जेसीबी. लोखंडी पट्ट्यांवर रणगाड्यासारखे चालते आणि कमरेपासून गरकन फिरते, ते पोकलेन. मूळ हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. पण साऱ्या वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला, तसे कोणत्याही कंपनीचे मशीन आमच्याकडे पोकलेनच. महामार्गाच्या चौपदरीकरणाने आणि २०२१च्या महापुरानंतर सावित्रीतला गाळ काढण्याच्या कामाने ही मशीने महाडकरांच्या रोजच्या ओळखीची झाली. त्या वर्षी २२ जुलैला तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. रस्ते बंद, मदत पोचायला उशीर. तेव्हापासून पुतण्याच्या डोक्यात एकच: आपल्या खोऱ्यात आपले स्वतःचे एक मशीन हवे. कामाला तोटा नाही, आणि वेळ आली तर कोणाची वाट पाहायला नको.

मागणी अठरा लाखांची होती. सहा लाख माझ्या निवृत्तीच्या पुंजीतले, उरलेले कर्ज. आमच्या घरातून शेरा आला, “आयुष्यभर सायकलसुद्धा कोणाची वापरलेली घेतली नाहीत, आणि आता हे!”

महाडजवळ हमरस्त्याच्या कडेला ते उभे होते. नवा पिवळा रंग, चकचकीत काच, आत थंड हवेचे यंत्र. तासांचा काटा दाखवत होता अवघे सहा हजार तास. पुतण्या आत चढून बसला तो खाली उतरेना. आमच्याबरोबर एक जुने मिस्त्री होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचा केबिनकडे फिरकलेच नाहीत. त्यांनी लुंगी आवरली आणि ते मशीनच्या पायाशी उकिडवे बसले. मला एकदम आजोबांची आठवण झाली.

“मास्तर, काटा बदलता येतो, रंग मारता येतो,” चाचा म्हणाले. “पण हे पाय खोटं बोलत नाहीत.”

मग त्या पायांची मला ओळख झाली. मागे दात्यांचे चक्र, तो स्प्रॉकेट. तो साखळी ओढतो. पुढे दात नसलेले गुळगुळीत चाक, तो आयडलर. खाली एकेका बाजूला आठ रोलर, वर दोन. सगळ्या मशीनचे वीस टन त्या खालच्या रोलरांवर. भोवती साखळी, आणि साखळीवर बोल्टांनी आवळलेल्या पाट्या. चाचांनी चार कड्यांवर टेप धरली. या आकाराच्या मशीनची एक कडी नवी असताना १९० मिलिमीटर, म्हणजे चार कड्या ७६०. टेपवर आले ७७२.

“लोखंड ताणलं गेलं?” मी विचारले.

“लोखंड नाही ताणत. आतली पिन झिजते, तिच्यावरचं बुश झिजतं, प्रत्येक सांध्यात खेळ वाढतो. चारात सोळा वाढले की साखळी संपली. हिचे तीन हिस्से खाऊन झालेत.”

मी आयुष्यभर त्रैराशिक शिकवले. पण उदाहरणात माझेच पैसे असावेत, हे प्रथमच घडत होते. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले होते. कडीची लांबी वाढली की ती दातात नीट बसत नाही आणि दात कुरतडले जातात. आणि असल्या दातांवर नवी साखळी चढवली तर तीही लवकर जाते. दोन रोलरांवर तेलाचे ओले डाग होते. “हे रडतायत,” चाचा म्हणाले. सील गेले, तेल गेले, की रोलर फिरेनासा होतो आणि एका बाजूने सपाट झिजतो. खालचे सगळे बदलायचे तर चार-पाच लाख. ते ऐकल्यावर सौदा साडेपंधराला तुटला.

चाचांनी दोन कामे लगेच करायला सांगितली: रडणारे रोलर बदला, आणि डावा आयडलर मागेपुढे सरकवणाऱ्या सिलिंडरचे सील बदला, तिथून ग्रीस पाझरते आहे. त्या सिलिंडरात पंपाने ग्रीस भरले की आयडलर पुढे सरकतो आणि साखळी ताणली जाते. फार ताणली तर पिना झिजतात, फार ढिली सोडली तर ती उतरते. सैल करायची तर झडप अगदी हळू, तीही समोर उभे न राहता; आतल्या दाबाने ग्रीस बंदुकीच्या गोळीसारखे येते. रोलर मी बदलू दिले. सीलचे मात्र म्हणालो, “पुढच्या बिलावर बघू.” खजिनदार मी होतो.

रोजची निगा पुतण्याकडे. आमची तांबडी माती चिकट. संध्याकाळी खरवडली नाही, तर वाळून विटेसारखी होते आणि रोलर जखडतात. तो काढायचा, पण दमलेला माणूस रोज काढीलच, असे नाही. एकदा ट्रेलरचे भाडे वाचवायला त्याने मशीन चार किलोमीटर चालवत नेले. चाचांनी त्या दिवशी त्याच्याशी बोलणे टाकले.

जूनच्या शेवटी वरच्या वाडीच्या रस्त्यावर दरड आली. मध्यरात्री निरोप, पहाटे मशीन तिथे. मीही गेलो, छत्री घेऊन, उगाचच. अर्धी दरड हटली होती. पुतण्याने मशीन जागच्या जागी वळवले; कडाड असा आवाज झाला आणि डावी साखळी आयडलरवरून उतरली. पाझरत पाझरत ती केव्हाच ढिली पडली होती, आणि मधे एक दगड गेला होता. वीस टनांचे मशीन अरुंद रस्त्यात आडवे.

तासाभराने वाडीतून माणसे आली. बांबूला घोंगडी बांधलेली, तिच्यात एक म्हातारी. रात्रीपासून छातीत दुखत होते. रस्ता मोकळा होतोय म्हणून ते थांबले होते. आता त्यांनी डोली खांद्यावर घेतली आणि त्या चिखलातून, आमच्या मशीनच्या सोंडेखालून वाकून, पलीकडे गेले. जाताना एकाने पुतण्याला म्हटले, “तू तरी काय करणार, बाबा.” पुतण्याने मान वर केली नाही. कसलेही सील न पाहिलेला तो माणूस मला काहीच म्हणाला नाही, ते अधिक लागले.

चाचा दुपारी आले. पारा, जॅक, शिव्या आणि ग्रीस यांच्या बळावर साखळी चढायला संध्याकाळ झाली. रात्री रस्ता खुला झाला. म्हातारी महाडच्या दवाखान्यातून दहा दिवसांनी घरी आली, तीही याच रस्त्याने, रिक्षातून. सील दुसऱ्याच दिवशी बदलले. पुढच्या उन्हाळ्यात साखळी आणि स्प्रॉकेट एकदमच. घरातून यावेळी शेरा आला नाही.

आता संध्याकाळी मी फावडे घेऊन जातो. पुतण्या सोंड जमिनीवर टेकवून एक बाजू उचलतो, साखळी फिरवतो, आणि मी चिखल पाडतो. मशीन थांबले, की उलट्या हाताने रोलर चाचपतो. बाकीच्यांपेक्षा एखादा जास्त तापला असेल, तर त्याचे काहीतरी बिनसले आहे. हात काळे होतात. नातवंडे हसतात.

दसऱ्याला मशीनची पूजा होती. पुतण्याने केबिनला झेंडूचे भले मोठे तोरण बांधले, काचेवर स्वस्तिक काढले. हळदकुंकवाचे ताट घेऊन मी पुढे झालो, तेवढ्यात चाचा पायांशी बसलेले दिसले.

“मास्तर, हार नंतर,” ते म्हणाले. “हा तिसरा रोलर कालचा तसाच आहे. फावडं आणा आधी.”