टीव्हीला लावायचा डबा

सॉफ्टवेअरवाल्याला घरात काही घ्यायला सांगू नये. टीव्हीवर व्हिडिओ चालवणारा एक डबा शोधण्यात माझा महिना गेला. गिऱ्हाईक एकच, राजापूरला एकटी राहणारी आई. इंटरनेट पावसात असलं तर असलं. तिची रिक्वायरमेंट (ऑफिसात इतकी स्पष्ट कधी मिळत नाही): "चालू केलं की दिसू दे. शेजारच्या पोराला हाक मारायला नको."

बघायचं काय, तर बाबांनी घेतलेल्या बावीस मिनीडीव्ही कॅसेटी. गणपती, मुंजी, सहली. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे दिसत कुठेच नाहीत, नुसते ऐकू येतात. "जरा सरका, उजेड येऊ द्या..." तेव्हा आवाज नीट आलाच पाहिजे, चित्र थोडं इकडेतिकडे चालेल.

पेनड्राइव्ह थेट टीव्हीत खुपसला तर? फुकट काम. पण मिनीडीव्ही जशीच्या तशी उतरवली की तासाला साधारण 13 जीबी, आणि फॅट32 मध्ये एका फाइलला 4 जीबीची मर्यादा. शिवाय हा फॉरमॅट बऱ्याच टीव्हींना कळतच नाही. हे सुटतं. हँडब्रेकमधून सगळं एमपी4 केलं, चित्र एच.264, आवाज एएसी. (डीइंटरलेस करायला विसरू नका, नाहीतर हलत्या माणसांच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात.) सुटत नाही तो रिमोट. सोर्स, यूएसबी, फोल्डर, फाइल... बटणं मोजली तर सात-आठ. एक चुकलं की आई सरळ टीव्ही बंद करते.

स्ट्रीमिंगवाली स्टिक? लॉगिन करा, मग आधी दुसऱ्यांचे सिनेमे बघा. नको.

मग अर्थातच रास्पबेरी पाय. वर कोडी टाकायचं, एचडीएमआय-सीईसी असलं की टीव्हीच्याच रिमोटवर चालतं. मला मजा आली असती! पण पायला नीट शटडाउन लागतं. कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली, तर एसडी कार्ड बिघडू शकतं. आणि कोकणातली वीज पावसाळ्यात सांगून जात नाही. दुरुस्तीला पुण्याहून जाणार कोण? मीच.

शेवटी घेतला साधा मीडिया प्लेअर, दुकानांत जाहिराती फिरवायला लावतात तसला. एक यूएसबी, एक एचडीएमआय, वायफाय नाही. वीज आली की आपोआप सुरू, जिथे थांबला होता तिथून. घेताना मॅन्युअलमध्ये ऑटोप्ले आणि रिझ्यूम हे दोनच शब्द शोधा. फोर-के सोडून द्या. मिनीडीव्हीचं मूळ चित्रच 720 बाय 576 आहे. फाइलींची नावं मात्र 01, 02 अशीच ठेवलीत, देवनागरीचे तिथे नुसते चौकोन दिसतात. सोर्स बदलायला लागू नये म्हणून आतल्या खोलीतला जुना टीव्ही यालाच देऊन टाकला. सगळ्याची दुसरी प्रत कपाटात आहे, तिसरी माझ्याकडे.

आई आवाज 40 वर ठेवते. माझी मुंज आता अख्ख्या वाडीला पाठ झालीये.