पांढऱ्यात पांढरं

"पिठावर प्रकाश टाकला की भेसळ सांगणारं मशीन निघालंय म्हणे, खरं का रे?" परवा मावशीने फोनवर विचारलं. फोनवर धड सांगता येईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

गिरणीत डबा ठेवताना आपण विचारतोच, "आत्ता काय दळलंत?" हरभऱ्यावर उपासाचं दळण नको असतं. ही सरमिसळ निदान बोटांना, जिभेला कळते. रसायनाचं तसं नाही. पांढऱ्या पिठात पांढरी पूड... कळणार कसं?

प्रयोगशाळासुद्धा फसते. प्रथिनं मोजायची केल्डाल पद्धत १८८३ सालची. ती खरं तर मोजते नायट्रोजन, आणि गव्हासाठी त्याला ५.७ ने गुणते. आता मेलामाइन घ्या. ताटल्यांच्या प्लास्टिकसाठी लागणारा पदार्थ, पण वजनाचा दोन तृतीयांश भाग नायट्रोजनच! शंभर ग्रॅम पिठात एक ग्रॅम मिसळा, कागदावर प्रथिनं सुमारे ३.८ ग्रॅमने वाढतात. २००७ साली चीनहून अमेरिकेत 'गव्हाचं ग्लूटेन' म्हणून गेलेला माल असं मेलामाइन घातलेलं साधं पीठ निघाला. तो कुत्र्यामांजरांच्या खाद्यात गेला, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तीच युक्ती बाळांच्या दूध पावडरीत. सहा बाळं गेली, जवळजवळ तीन लाख आजारी पडली.

मला यात सगळ्यात जास्त बोचतं ते हे, की भेसळ करणारा अडाणी नव्हता. पेपरात काय विचारणार ते त्याला ठाऊक होतं, त्याने तेवढंच पाठ केलं.

मावशी, तुझं मशीन एकच प्रश्न विचारत नाही. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पिठावर टाकायचा. पाणी, स्टार्च, प्रथिनं, मेलामाइन, प्रत्येकजण आपापल्या लहरी शोषतो. परत येतो तो आलेख म्हणजे शेकडो आकडे, एकमेकांत गुंतलेले. ते माणसाला वाचता येत नाहीत. म्हणून संगणकाला शुद्ध पिठाचे ढीगभर नमुने दाखवायचे आणि विचारायचं, "हे आपल्यातलं आहे का?" उद्या कोणी नवंच रसायन घातलं, तरी त्याचं नाव माहीत नसताना मशीन निदान "हे आपलं नव्हे" म्हणू शकतं.

पण सगळी भिस्त दाखवलेल्या नमुन्यांवर. फक्त लोकवन दाखवलात तर खपली परकी वाटेल. पावसाळ्यात ओल धरलेलं, जरा जाडसर दळलेलं पीठही आलेख बदलतं. आणि भेसळ दहा लाखांत काही भाग इतकी कमी असेल, तर ती सहसा दिसतच नाही. पावात वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट, ज्यावर भारतात २०१६ साली बंदी आली, त्याचा अंश शोधायला मोठ्या प्रयोगशाळेतल्याच चाचण्या लागतात.

म्हणून मला हे यंत्र चाळणीसारखं वाटतं. दोन मिनिटांत शंभरातली पाच पोती बाजूला काढावीत, बाकीचं काम प्रयोगशाळेने करावं. नुसत्या संशयावर कुणा गिरणीवाल्याचं नाव खराब होऊ नये. आणि शिकवायला घेतलेले नमुने कुठल्या गव्हाचे, कुठल्या ऋतूतले, हे विकणाऱ्याने सांगावं.

कुणी असं मशीन विकायला आलंच, मावशी, तर किमतीच्या आधी हे विचार.