आधी नवेगावबांध

प्रवासास निघण्यापूर्वी घरात जी आखणी चालते, तिच्यात प्रवासाचे निम्मे सुख साठविलेले असते, असा आमचा अनुभव आहे. गेल्या दिवाळीत आमच्या कल्याणच्या घरी अशीच एक आखणी सुरू झाली. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनी दिवाणखान्यात पश्चिम युरोपचा नकाशा पसरला. आम्स्टरडॅम येथे भाड्याची मोटार घ्यावयाची आणि ब्रुसेल्स, पॅरिस, लियाँ, बार्सिलोना, माद्रिद करीत लिस्बन गाठावयाचे, असा बेत होता. अंतर सुमारे २८०० किलोमीटर. शेंगेन देशांचा प्रवेशपरवाना, परदेशी मोटार हाकण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना, फ्रान्सच्या महामार्गांवरील पथकर, उजव्या बाजूने मोटार चालविण्याची सवय, एकेक मुद्दा वहीत उतरू लागला. मुलेमाणसे नकाशाभोवती गोळा झाली.

आमच्या मातोश्री कोपऱ्यातील खुर्चीवर वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "एवढ्या पल्ल्यात आमचे नवेगाव किती वेळा येईल रे?"

नातवाने हिशेब करून सांगितले, "तीन वेळा, आजी."

"मला एकदाच पुरे," मातोश्री म्हणाल्या, आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

त्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही. मातोश्रींना यंदा ८४ वे वर्ष चालू आहे. त्यांचे वडील अर्जुनी-मोरगावाकडे शाळामास्तर होते. तो मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडे; १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. १९६८ साली वडील निवर्तल्यावर मातोश्रींचे तिकडे जाणे घडलेच नाही. कोणी जाऊ नको म्हटले नव्हते. आमची शिक्षणे, घरातील लग्नकार्ये, दुखणीबाणी यांतून सवड म्हणून ती मिळाली नाही. आता काचबिंदूने त्यांची दृष्टी कडेकडेने आवळत चालली आहे. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही, परंतु 'पाहावयाचे असेल ते लवकर दाखवा' एवढे मात्र सांगितले.

युरोपचा बेत रद्द झाला नाही, पुढे गेला. तो पुढे ढकलण्याची सूचना ज्याने नकाशा आणला त्यानेच केली, हे येथे नमूद करणे आम्हांस अगत्याचे वाटते. वहीचे नवे पान उघडले गेले आणि लिस्बनसाठी जितक्या कसोशीने विचार चालला होता तितक्याच कसोशीने गोंदिया जिल्ह्याचा विचार सुरू झाला.

पहिला प्रश्न वाहनाचा. वहिनींचे म्हणणे असे की, विदर्भ एक्स्प्रेस कल्याणास संध्याकाळी मिळते आणि थेट गोंदियास नेते. मग ही यातायात कशासाठी? म्हणणे अगदी रास्त होते. परंतु मातोश्री उत्तरल्या, "रात्रीच्या गाडीत अंधारच पाहावयाचा तर घरी काय वाईट?" मोटारीचा ठराव तेथेच पास झाला.

दुसरा प्रश्न ऋतूचा, आणि येथे खरा पेच पडला. गोंदिया हा धानाचा मुलूख. आम्ही कोकणातली माणसे 'भात' आणि 'लावणी' म्हणतो. मातोश्रींच्या तोंडी मात्र आजही 'धान' आणि 'रोवणी' हेच शब्द येतात. पावसाळ्यात गेल्यास रोवणी झालेल्या बांध्या हिरव्यागार दिसतात, दरेकसाजवळचा हाजरा धबधबा भरात असतो आणि महाराष्ट्रात इतरत्र दुर्मीळ झालेला सारस पक्षी धानाच्या शेतांत जोडीने घरटे करून असतो. परंतु त्या दिवसांत जंगल पर्यटकांना बंद असते. माघी पौर्णिमेस गेल्यास कचारगडच्या गुहांपाशी गोंड बांधवांची मोठी यात्रा दृष्टीस पडते, पण त्या गर्दीत वृद्ध माणसास नेणे बरे नव्हे. हिवाळ्यात धबधबा रोडावतो. मात्र नागझिऱ्याचे रान खुले असते, रस्ते कोरडे असतात आणि नवेगावच्या तलावावर दूरदेशींची बदके उतरतात. सर्वच एका फेरीत पाहण्याचा हव्यास धरला की काहीच धड पाहून होत नाही. आम्ही डिसेंबर ठरविला आणि हाजऱ्याच्या नावावर रेघ मारली.

तिसरा प्रश्न मुक्कामांचा. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंतचा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग खुला झाला आणि जून २०२५ मध्ये इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा. तरुण मंडळी म्हणाली, एका दिवसात नागपूर! आम्ही ते साफ नाकारले. सरळ, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास मोटार हाकली की डोळे उघडे असूनही चालकाचे भान हरपते, आणि वेगात तापलेले जीर्ण टायर दगा देतात. सबब, निघण्यापूर्वी टायर तपासावयाचे, दर दोन तासांनी थांबून मातोश्रींना चार पावले चालवावयाचे आणि साधारण मध्यावर, जालन्यास, पहिली रात्र काढावयाची असे ठरले. दुसरी रात्र नागपुरास आप्तांकडे. तिसऱ्या दिवशी भंडारा, साकोलीवरून कोहमारा, आणि तेथून दक्षिणेस वळून नवेगावबांध.

एक नियम आम्ही वहीत लाल शाईने लिहिला: अंधार पडल्यावर जंगलातील रस्त्यावर मोटार घालावयाची नाही. नवेगाव आणि नागझिरा ही दोन राने २०१३ साली एका व्याघ्रप्रकल्पात जोडली गेली, परंतु वाघास एका रानातून दुसऱ्यात जावयाचे तर वाटेत माणसांचे रस्ते आडवे येतात. २०२३ सालच्या ऑगस्टात गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीनजीक मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ प्राणास मुकला. त्याच्या घरातून जाताना आपण पाहुणे आहोत, हे मुलांच्या मनावर बिंबावे म्हणून ती हकीकत आम्ही त्यांना मुद्दाम सांगितली.

आता ज्या ठिकाणासाठी हा खटाटोप, त्याविषयी. नवेगावबांध हे निसर्गाने दिलेले सरोवर नव्हे, ते मनुष्याने बांधलेले आहे. डोंगरांच्या मधल्या खिंडी अडवून कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव सिद्ध केला, अशी तिकडची परंपरा सांगते. भोवतालच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि कोलू पाटलांनाच पुढे कोलासुर या नावाने देवत्व लाभले. धरणे बांधणाऱ्यांचे पुतळे उभारलेले आम्ही पाहिले आहेत. तळे बांधणारा देव झालेला मात्र दुसरा आठवत नाही. कोहळी समाजाने या मुलखात असे असंख्य लहानमोठे तलाव आणि बोड्या निर्मिल्या, आणि धानशेती त्यांच्याच पाण्यावर उभी राहिली. पुढे तलावांवरील मालगुजारी हक्क संपुष्टात आले. त्या 'माजी मालगुजारी' तलावांना लोक आज लाडाने 'मामा तलाव' म्हणतात. वनाधिकारी म्हणून येथे राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी 'नवेगावबांधचे दिवस' लिहून हे रान मराठी वाचकांच्या घरात आणले. १८ जून २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांचे पुस्तक आम्ही सामानात सर्वांत वर ठेवले आहे. वाटेत ते मातोश्रींना वाचून दाखविण्याचे काम नातीकडे आहे.

आमच्या मनात एक धास्ती होती, ती आम्ही मातोश्रींपाशी बोलून दाखविली. साठ वर्षांपूर्वीचे घर आता नसेल, ओळखीचे माणूस भेटणार नाही, अरुंद रुळांवरची ती चिमुकली आगगाडीही जाऊन तेथे रुंद रूळ आले. एवढ्या लांब जाऊन मन खट्टू झाले तर? त्या हसल्या. म्हणाल्या, "घर पाहावयास कोण चालले आहे? घर भाड्याचे होते. पाणी असेल ना?"

पाणी आहे, असे आम्ही सांगितले.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा गाव कोणाच्या तरी मनात राहिलेला असेल. परदेशचे बेत अवश्य करावेत, जग पाहावे. पॅरिस आणखी एक वर्ष थांबावयास तयार आहे. परंतु घरातील काही डोळ्यांना थांबावयास सवड नसते. वहीत मुक्कामांचे कोष्टक करताना चिरंजीवांनी चौथ्या दिवसापुढे लिहिले होते: 'तलावाचा बांध, सकाळी ६ ते ९.' रात्री आम्ही वही पुन्हा चाळली, तेव्हा ९ चा आकडा खोडलेला दिसला. त्याच्या जागी त्याच अक्षरात लिहिले होते, 'आजी ऊठ म्हणेल तोवर.'