पेण-रोह्याचा रस्ता आणि गाडीचा एसी

पनवेलकडून येताना कर्नाळ्याचा सुळका मागे पडला की झाडी विरळ होत जाते आणि हमरापूर फाट्यापाशी पेण जवळ आल्याचं कळतं. हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या शेडमध्ये गणपतीच्या मूर्ती रांगेने वाळत असतात. पेणचे पोहे-पापड तर आपल्या घरांतही हौसेने आणले जातात. वाळवणावर इथली कितीतरी घरं चालतात, त्यामुळे उन्हाबद्दल पेणकर फारशी तक्रार करत नाहीत. पण मे महिन्यातल्या दुपारी बंद काचांच्या गाडीतून खारेपाटाच्या कडेने जाणाऱ्याचं मत वेगळं असतं. खाडीची खारट, दमट हवा, त्यात अवजड वाहनांची रांग आणि रस्ता रुंदीकरणाची धूळ. हा महामार्ग आधी 17 नंबरचा होता, आता 66 झाला. नंबर लवकर बदलला, काम मात्र वर्षानुवर्षं चालूच राहिलं.

यंदा अम्मीला घेऊन मी बहिणीकडे रोह्याला निघाले होते. पेणपर्यंत गाडी छान गार होती. वडखळच्या अलीकडे रांगेत अडकलो आणि एसीच्या जाळीतून कोमट, मग चक्क गरम हवा येऊ लागली. रांग थोडी सरकली की हवा जरा गार, थांबली की पुन्हा गरम. अम्मी सत्तरी ओलांडलेली, वीस वर्षांचा मधुमेह. तिच्या पिशवीत इन्सुलिनची चालू बाटली. इन्सुलिन तापलं तर त्याचा असर कमी होतो आणि बाटलीकडे बघून ते नेहमी कळतंच असं नाही. म्हणून आधी बाटलीची सोय. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं, वर ओला नॅपकिन गुंडाळला आणि सावलीकडच्या उघड्या खिडकीशी, वारा लागेल अशी धरायला अम्मीला दिली. (बर्फ मिळाला तरी इन्सुलिन थेट त्यावर ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.) अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांची सुरई आम्ही एसटीत अशीच न्यायचो."

गंमत अशी की ओला नॅपकिन आणि गाडीचा एसी यांचं तत्त्व एकच. द्रवाची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता शोषून घेते. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटतं ते याचमुळे. एसीच्या बंद नळ्यांत पाण्याऐवजी लवकर उकळणारा पदार्थ असतो. त्यालाच आपण गॅस म्हणतो. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते आणि ती गाडीतली उष्णता उचलते. कॉम्प्रेसर ही वाफ दाबून पुढे ढकलतो. रेडिएटरसमोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता बाहेर टाकून तिचा पुन्हा द्रव होतो. तोच गॅस फिरत राहतो. पेट्रोलसारखा तो खर्च होत नाही. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे असं समजावं.

म्हणून चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, ही मोठी खूण आहे. चालत्या गाडीत वाराच कंडेन्सर थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्याचं असतं. पंखा बंद असेल किंवा जाळी चिखलाने बुजली असेल तर उष्णतेला बाहेर जायला वाटच राहत नाही.

मी इंजिनच्या तापमानाचा काटा पाहिला. तो चढत होता. एसी बंद केला, सगळ्या काचा खाली केल्या आणि रांग सुटताच नाक्यापुढच्या एका लहानशा गॅरेजसमोर गाडी सावलीत लावली. आदल्याच महिन्यात शहरातल्या एका दुकानाने जाळीला हातही न लावता "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरून पैसे घेतले होते. इथला मेकॅनिक मात्र म्हणाला, "ताई, गॅसचं नंतर बघू. आधी एसी लावा आणि ओढणी सांभाळून लांब उभ्या राहा. पंखा कधीही फिरतो."

पंखा फिरलाच नाही. फ्यूज शाबूत होता. पंख्याच्या वायरीचा जोड काढला तर आत हिरवट बुरशीसारखा थर, खाऱ्या हवेची करामत. त्याने जोड घासून घट्ट बसवला आणि पंखा सुरू झाला. मग साध्या नळीने, हलक्या धारेने कंडेन्सर धुतला. जोराची धार मारली तर जाळीच्या नाजूक पट्ट्या वाकतात, असं त्याने सांगितलं. तांबूस पाणी बराच वेळ वाहत होतं. अम्मी तोवर त्याच्या माठातलं पाणी पीत बाकावर बसली होती.

सगळ्याच गाड्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. हवा गार पण अगदी थोडी येत असेल तर आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या खणामागे असतो आणि घरी बदलता येतो. हवा भरपूर पण उभ्या-चालत्या गाडीत सारखीच कोमट असेल तर कॉम्प्रेसर चालू होतो का ते बघायला सांगावं. पुष्कळ गाड्यांत एसी लावताच "टक्" असा आवाज येतो. नळीच्या सांध्यावर तेलकट डाग असेल तर तिथूनच गॅस जातोय. अशा वेळी आधी गळती बंद, मग व्हॅक्यूम आणि मग गाडीला ठरलेल्या वजनाइतकाच गॅस. जास्त भरला तरी गारवा कमी होतो. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते हवेतलं दमटपण आहे, घाबरू नये. तेच पाणी आत पायाशी आलं तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

नागोठण्याहून भिसे खिंडीच्या वाटेने आम्ही रोह्यात उतरलो तेव्हा अस्र होऊन गेली होती. इन्सुलिन फार तापलं नसावं असं मलाही वाटत होतं. पण अम्मीच्या शरीरावर अंदाजाचा प्रयोग कशाला? बहिणीने बाजारातून नवी बाटली आणली, जुनी आम्ही वापरलीच नाही.