सातेरीच्या वारुळाकडे

गोव्यात आणि दक्षिण कोकणात सातेरी ही मातीची देवी आहे, आणि हे अगदी शब्दशः. तिच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात मूर्ती नसते, वारूळ असते. कोकणीत त्याला रोयण म्हणतात. सणावारी त्यावर मुखवटा चढतो, साडी नेसवली जाते; एरवी तो लाल मातीचा ओबडधोबड उंचवटा, अंगावर हळदकुंकू आणि फुले.

तिच्या शोधात निघालेल्याने पणजीहून फोंड्यामार्गे सत्तरी गाठावी. जरा वाट वाकडी केली की कवळ्याची शांतादुर्गा लागते. देऊळ देखणे, गर्दी फार. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळे पाडली, तेव्हा ही देवी केळशीहून इकडे आली. शांतादुर्गेचे मूळही सातेरीतच शोधतात. कथेत मात्र ती शिव-विष्णूंचे भांडण मिटवणारी झाली. सत्तरी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली ती अठराव्या शतकात, देवळे पाडण्याचा जोर ओसरल्यावर. म्हणून इकडची वारुळे जागच्या जागी राहिली.

सत्तरीतल्या वाळपईत मुक्कामाची सोय यथातथाच. वाटाडेही सातेरीचे नाव काढले तरी धबधब्याकडेच नेतात. त्यांना सोडून म्हादईच्या काठाने पायी जावे, तेही पावसात. जांभ्याच्या वाटेवर पाणी वाहते आणि झाडोऱ्यात कमरेएवढी वारुळे दिसू लागतात. यांतली वाळवी वारुळाच्या पोटात बुरशीची शेती करते. पावसाने जम धरला की तीच बुरशी पांढऱ्या छत्र्या होऊन माती फोडते. ही रोयणीची अळमी. गावकरी भल्या पहाटे ती खुडून आणतात, आणि बाजारात ती पानांत बांधून चढ्या भावाने विकली जाते.

देवीविषयी अभ्यासकांचे सूर निरनिराळे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात वारूळ हे भूमीच्या सर्जनेंद्रियाचे प्रतीक मानले. गोव्यातच जन्मलेल्या दा. ध. कोसंबींनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’त (१९६२) प्रतीकापेक्षा पोटाचा प्रश्न आधी विचारला: नांगर येण्यापूर्वी अन्न गोळा करणाऱ्यांच्या या देवता, म्हणून मुळात बिननवऱ्याच्या, देवांशी त्यांची लग्ने लागली ती समाज एकमेकांत मिसळल्यावर. ढेऱ्यांचे म्हणणे मोहक आहे, पण त्याला ग्रंथांचा आणि मूर्तींचा टेकू लागतो. सत्तरीच्या रानात कोसंबींचे पारडे जड होते. पेरणी नाही, नांगर नाही, तरी वारूळ जेवण देते. आणि अळमी पाहिल्यावर ढेऱ्यांचे प्रतीकही निव्वळ प्रतीक राहत नाही.