मनालीत कुठं जेवायचं?

परभणीतून कुणी मनालीला निघालं की मला फोन येतो. एक हिवाळा मी तिथं राहिलो, तेवढ्या भांडवलावर आमच्या नात्यागोत्यात मी त्या गावाचा जाणकार ठरलोय. हॉटेल कोणतं, बर्फ कधी, रोहतांग चालू आहे का, हे प्रश्न ट्रॅव्हलवाल्याला जातात. मला एकच विचारतात, कुठं जेवायचं. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर एक यादी ठेवलीय, ती पुढं ढकलतो आणि मोकळा होतो.

गेल्या वर्षी जिंतूरच्या मावशीला ती पाठवली. तासाभरानं तिचा फोन. "हे काय पाठवलंस बाबा? पिझ्झा, पास्ता. अन् ट्राउट म्हणजे मासाच ना? तुझे काका माळकरी. आम्हाला पोटाला काय मिळंल ते सांग."

तिचं बरोबर होतं. ती यादी माझ्या पहिल्या महिन्याची होती. त्यानंतरच्या दोन महिन्यांची मी कधी कुणाला दिली नव्हती.

डिसेंबर २०२२ मध्ये मी ओल्ड मनालीत खोली घेतली. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून चालायचं आणि घर कुठं आहे याची कुणी चौकशी करत नव्हतं. हिवाळ्यात तिथं भाडं उतरतं. स्कीइंगवाले तेरा किलोमीटरवरच्या सोलंगला जातात, हनिमूनवाले मॉल रोडला उतरतात, ओल्ड मनालीचा खरा हंगाम मात्र उन्हाळ्याचा. बर्फ पडायच्या आत तिथली बरीच कॅफे कुलूप लावतात आणि आचारी, वेटर गोव्याचा हंगाम गाठायला निघून जातात. उरलेल्या ठिकाणी माझा महिना मजेत गेला. मनालसू नाल्याकाठी कॅफे १९४७, मॉलजवळ जॉन्सन्स. ट्राउट खाल्ला. हा मासा मूळचा तिथला नाही. इंग्रजांनी आपल्या गळाच्या हौसेपायी कुल्लूच्या नद्यांत आणून सोडला, आता खाली पतलीकूहलला त्याचं सरकारी केंद्र आहे. आमच्या घरात मासा चालत नाही, मी तो नांदेडला इंजिनिअरिंग करताना शिकलो. त्यामुळं माझं मत फार धरू नका, पण लोण्यात भाजलेला ट्राउट मला मिळमिळीत वाटला. यादीत मात्र त्याच्यापुढं तीन टाळ्या आहेत.

पिण्याचं म्हणाल तर तिथल्या गावांत तांदूळ आंबवून घरगुती दारू करतात. दुधट, आंबूस, थंडीत गोड लागते. नाव लुगडी. फोनवर माझ्या तोंडून ते नाव निसटलं तर आई म्हणाली, "अगं बाई, नऊवारी मिळतात का तिकडं?" मी हो म्हणालो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी लॅपटॉपनं पासवर्ड घेतला नाही. दुपारी पंधरा मिनिटांचा कॉल झाला. त्या महिन्यात असे कॉल पुष्कळांना गेले, माझ्यात विशेष काही नव्हतं. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. एका महिन्याचा पगार हिशेब झाल्यावर मिळणार होता. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला होता आणि बहिणीचं लग्न मे महिन्यात. खोलीचं भाडं मार्चअखेर भरलेलं होतं. म्हणून राहिलो, असं मी स्वतःला सांगायचो. परभणीला जाऊन अण्णांसमोर उभं राहायचं नव्हतं, हे त्यातलं खरं.

यादीचा दुसरा भाग इथून सुरू होतो.

कॅफे बंद झाली आणि मी बसस्टँडच्या मागं सरकलो. तिथल्या छोट्या ढाब्यांत ड्रायव्हर, मजूर, टॅक्सीवाले जेवतात. राजमा-चावल, कढी-चावल, वरून पुन्हा भात फुकट. मनाली दोन हजार मीटर उंचावर आहे. तिथं पाणी त्र्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे उघड्या भांड्यात राजमा दिवसभर ठेवला तरी हट्ट सोडत नाही. सगळा कारभार कुकरवर. शिट्ट्या ऐकत बाकावर बसायचं, हा माझा त्या दिवसांतला कार्यक्रम होता. सोलंगला उतारावर मॅगी मिळते, ती घेऊ नका. पोट भरत नाही आणि पैसे भरपूर जातात. त्यापेक्षा तिथं उभं राहून पोरं पाहावीत. शेजारच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्कीइंगचं कांस्यपदक मिळवलं, भारताचं त्या खेळातलं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तेव्हापासून हात-दीड हात उंचीची कार्टीसुद्धा पायाला फळ्या बांधून तुमच्या शेजारून सूं करत जातात आणि पर्यटक पडला की हसतात.

आणि सिड्डू. मॉल रोडच्या मागच्या गल्लीत एक बाई कोपऱ्यात शेगडी मांडून बसायच्या. गव्हाचं पीठ खमीर घालून आंबवायचं, आत अक्रोड आणि खसखस वाटून भरायची, वाफवायचं, मधोमध मोडून त्यावर पातळ तूप ओतायचं. पहिला घास घेतला आणि मला नागपंचमी आठवली. त्या दिवशी आमच्याकडं तवा ठेवत नाहीत, चिरत नाहीत. मग कणकेत पुरण भरून आई दिंडं वाफवते. दिंड फुगत नाही, सिड्डू फुगतो. बाकी वाफ तीच, वरचं तूपही तेच. एका सिड्डूवर माझी दुपार निघायची. दुसऱ्या आठवड्यात बाई न विचारता तूप जास्त घालायला लागल्या. माझ्याकडं बघून त्यांना काय समजलं होतं कोण जाणे.

घरून आणलेलं पाच किलो ज्वारीचं पीठ होतं. आईनं 'परभणी मोती' दळून दिली होती, आमच्या कृषी विद्यापीठाचं वाण. महिनाभरात पीठ जुनं झालं आणि भाकरी थापता थापता तुटायला लागली. उकळतं पाणी घालून पाहिलं, तरी कडेला चिरा. शेवटी तुकडे तव्यावर टाकायचो आणि कारळाच्या चटणीशी खायचो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवायची सोय नव्हती, म्हणून कॅमेरा खिडकीतल्या बर्फाकडं वळवायचो.

एका संध्याकाळी मॉलवरून येताना एका हॉटेलच्या तळघरातून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आली. मराठी टूर होती. त्यांचे आचारी सोबत असतात, मनालीत वरण-भात आणि केलाँगला साबुदाणा. पुण्याच्या मित्रांबरोबर मी या लोकांवर भरपूर हसलोय. इतक्या लांब जायचं आणि पिठलंच खायचं तर गेलात कशाला, वगैरे. त्या दिवशी मी दारात उभा राहिलो. स्वेटरवर शाल घेतलेल्या एक काकू बाहेर आल्या, माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाल्या, "मराठी का रे? ये की, आमचे चार जण झोपलेत, अन्न उरणारच आहे." पिठलं, भात, ठेचा. मी तीन वेळा भात घेतला. काकूंनी विचारलं, "काय करतोस इथं?" मी म्हणालो, "सॉफ्टवेअरमध्ये आहे." "बरंय बाई, बर्फ बघत पगार." मी मान हलवली आणि ताक मागितलं.

जानेवारीच्या शेवटी मोठा बर्फ पडला, ओल्ड मनालीची वीज गेली. मला ते सोयीचंच झालं. अण्णांचा फोन आला तेव्हा मी आपणहून सांगितलं, वीज नाही, काम बंद आहे. तीन दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच सांगितलं. अण्णांची सारी हयात रात्रीच्या लाइटवर पाणी देण्यात गेलीय, विजेच्या बाबतीत त्यांना फसवणं अवघड. ते म्हणाले, "तीन दिवस काम नाही अन् कंपनी काहीच म्हणत नाही?" मी म्हणालो, "नाही म्हणत." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मागं बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती. म्हणाले, "तूर मोंढ्यात घातली काल. पट्टी आली. थोडे पाठवू का?"

मी नको म्हणालो. संध्याकाळी पाच हजार आले. आमच्या दुकानदाराच्या मोबाईलवरून, म्हणजे अण्णा त्यासाठी गावात चालत गेले होते. निरोपाच्या जागी दुकानदारानं फक्त 'जेवण' असं टाइप केलं होतं. त्यांनी सांगितलेलं की याच्या मनानं, मी कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये परत आलो. एप्रिलच्या अखेरीला दुसरी नोकरी लागली, बहिणीचं लग्न ठरल्या तारखेला झालं. नोकरी गेली होती हे मी घरी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

मावशीला मी दुसरा भाग टाइप करून पाठवला. ढाबे, सिड्डूची गल्ली, सोलंगची मॅगी वर्ज्य. लगेच प्रश्न आला, "तुला तर बक्कळ पगार होता, बसस्टँडमागं कशाला जेवायचास रे?" मी हात जोडलेला एक इमोजी पाठवला.

डिसेंबरमध्ये ते गेले. सहाव्या दिवशी आवाजी निरोप आला, मागं वाऱ्याचा आणि काकांच्या खोकल्याचा आवाज. "अरे, हे तर दिंडच आहे की! मेल्यांनी पुरण सोडून अक्रोड भरलाय तेवढाच. तुझ्या काकांनी दोन खाल्ली."

मी तेव्हा गावी होतो. ओसरीवर अण्णांना तो निरोप ऐकवला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला, ऐकला आणि म्हणाले, "म्हणजे तू तिथं दिंडंच खाऊन राहिलास म्हण." मी हो म्हणालो. किती दिवस, ते त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.